75 टक्के कीबोर्ड: माउसला जागा हवी, पण एफ 5 सोडायचं नाही

छोटा कीबोर्ड घ्यायचा तो माउससाठी. हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की दुकानातल्या निम्म्या जाहिराती आपोआप बाजूला पडतात. नेमबाजीचे खेळ खेळताना मी माउसची सेन्सिटिव्हिटी बरीच कमी ठेवते, म्हणजे माउस बराच हलवला तरी नेम थोडाच सरकतो. नेम धरायला ते बरं पडतं, पण पाठीमागून कुणी आलं की वळण्यासाठी सगळा हात कोपरापासून डावीकडे ओढावा लागतो. मोठा कीबोर्ड असेल तर हा हात नेमका नमपॅडच्या, म्हणजे उजवीकडच्या आकड्यांच्या गटाच्या, कडेवर आपटतो, आणि आपटला की नेम गेला. म्हणून कीबोर्डची उजवी बाजू कापायची. एवढंच त्या कापाकापीचं कारण आहे आणि ते अगदी चोख कारण आहे.

आता गंमत बघा. बाजारात आकार टक्क्यांत सांगतात: 100, टीकेएल (नमपॅड नसलेला) म्हणजे साधारण 80, मग 75, 65, 60. ऐकणाऱ्याला वाटतं, टक्के कमी तितकी माउसला जागा जास्त. प्रत्यक्षात मोजून बघा. एका बटणाच्या मध्यापासून शेजारच्या बटणाच्या मध्यापर्यंत ठरलेलं अंतर असतं 19.05 मिलिमीटर. पूर्ण कीबोर्ड साडेबावीस बटणं रुंद, म्हणजे कडा सोडून जवळजवळ 43 सेंटिमीटर. टीकेएल सव्वाअठरा बटणं, म्हणजे सुमारे 35. 65 टक्केवाला सोळा बटणं, साडेतीस सेंटिमीटर. 60 टक्केवाला पंधरा बटणं, साडेअठ्ठावीस. आणि 75 टक्केवाला? तोही सोळाच बटणं रुंद. काही कंपन्या बटणांच्या गटांमध्ये फट ठेवतात, त्यांचा थोडा जास्त भरतो, बस.

म्हणजे 75 आणि 65 यांत माउसच्या दिशेने काहीही फरक नाही. फरक आहे तो वरच्या एफ 1 ते एफ 12 या एका ओळीचा, आणि ती ओळ जाते मॉनिटरच्या दिशेने, जिथे माउस कधी जातच नाही. 75 वरून थेट 60 वर उतरलात तरी माउसला मिळतात जेमतेम दोन सेंटिमीटर. त्या दोन सेंटिमीटरसाठी तुम्ही देता फंक्शनची पूर्ण ओळ, अ‍ॅरोची चार बटणं, डिलीट, पेज अप, पेज डाउन. माझ्या मते हा सौदा तोट्याचा आहे. मी 75 टक्क्यांचा, चुंबकीय स्विचचा (स्विच म्हणजे बटणाखालचा, दाब नोंदवणारा भाग), प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र लाइट असलेला कीबोर्ड घेतला, तो या हिशेबाने. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मॉडेलं भराभर बदलतात, हीच जडणघडण अनेक कंपन्यांकडे मिळते, आणि खाली जे तपासायला सांगणार आहे ते कुठल्याही डब्यावर तपासता येतं.

ताईच्या मुलाकडे 61 बटणांचा, म्हणजे 60 टक्केवाला, कीबोर्ड आहे. सुबक आहे, बॅगेत सहज मावतो, आणि तो त्याच्यावर खूश आहे. कारण तो खेळतो ते खेळ डाव्या हाताच्या दहा-पंधरा बटणांत संपतात. मी मात्र काउंटर-स्ट्राइक या नेमबाजीच्या खेळाबरोबर मोठे, संथ, गोष्टीचे खेळही खेळते, आणि अडचण तिथे सुरू होते. स्कायरिममध्ये एफ 5 दाबलं की खेळ जतन होतो, एफ 9 ने परत उघडतो. 61 बटणांच्या कीबोर्डवर एफ 5 म्हणजे एफएन आणि 5. हे एफएन बटण, जे दाबून धरलं की बाकी बटणं आपलं दुसरं काम करतात, बहुतेक कीबोर्डवर उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात असतं. एकट्या डाव्या हाताने तिथून 5 पर्यंत पोचायचं तर तळहात सगळ्या कीबोर्डवर पसरावा लागतो. नाहीतर उजवा हात माउसवरून उचलायचा. समोर अस्वल उभं असताना माउस सोडणं परवडत नाही. माइनक्राफ्टमध्येही तेच: एफ 5 ने कॅमेरा बदलतो, एफ 3 ने जागेचे निर्देशांक दिसतात, आणि एफ 3 बरोबर आणखी एखादं बटण दाबून चालणाऱ्या सोयी तर 61 बटणांवर तीन बोटांची कसरत होऊन बसतात. काउंटर-स्ट्राइकमध्ये कन्सोल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडायचं चिन्ह एरवी टॅबच्या वर, 1 च्या डावीकडे असतं. छोट्या कीबोर्डवर त्या कोपऱ्यात एस्केप येऊन बसतं आणि ते चिन्ह एफएनच्या मागे लपतं. 75 टक्क्यांत एस्केप वरच्या ओळीत, कन्सोलचं बटण आपल्या जागी. काही शिकावं लागत नाही.

ज्यांना 60च हवा आहे त्यांच्यासाठी एक उपाय आहे. कीबोर्डचं सॉफ्टवेअर एफएन दुसरीकडे हलवू देतं का ते विकत घेण्याआधी बघा. कॅप्स लॉकच्या जागी एफएन आणला की डाव्या करंगळीखाली सगळी लपलेली ओळ येते आणि निम्मी तक्रार मिटते. मात्र हा बदल कीबोर्डच्या स्वतःच्या मेमरीत राहिला पाहिजे. नाहीतर दुसऱ्या संगणकाला जोडला की पुन्हा मूळ पदावर.

आता लाइटबद्दल. बॅकलाइटचा विषय निघाला की बोलणं रंगांवर जातं: किती रंग, किती नक्षी, लाटा कशा धावतात. मला त्यात रस नाही. मी खेळते रात्री, खोलीतला दिवा बंद करून, कारण त्याच खोलीत धाकटी बहीण झोपलेली असते. अशा वेळी लाइटचं काम एकच: अंधारात हवं ते बटण डोळ्यांना सापडलं पाहिजे. डब्ल्यू, ए, एस, डी शोधायला लाइट लागत नाही, बोटं तिथेच असतात. लाइट लागतो तो आठवड्यातून क्वचित दाबायच्या बटणांसाठी, आणि छोट्या कीबोर्डवर नेमकी तीच बटणं एफएनच्या मागे गेलेली असतात.

इथे बहुतेक छोट्या कीबोर्डांची गोम आहे. मुख्य अक्षर पारदर्शक प्लास्टिकचं असतं, त्यातून प्रकाश छान येतो. पण एफएनबरोबरची दुसरी कामं, म्हणजे आवाज, अ‍ॅरो, होम, एंड, प्रिंट स्क्रीन, ही बटणाच्या पुढच्या उभ्या कडेवर साध्या शाईने छापलेली असतात. त्या छपाईतून प्रकाश आरपार जात नाही. दिवसा ती नीट दिसते, रात्री तिचा मागमूस नसतो. म्हणजे ज्या बटणाचं नाव पाठ आहे ते झगमगतं आणि ज्याचं पाठ नाही ते काळोखात. बॅकलाइट म्हणून पैसे मोजायचे आणि गरजेच्या वेळी मोबाइलचा टॉर्च लावायचा, याला अर्थ नाही. कीबोर्ड बघायला मिळाला तर बटणाच्या वर ओंजळ धरून अंधार करा आणि कोणकोणती चिन्हं उजळतात ते बघा. ऑनलाइन घेत असाल तर अंधारातले फोटो शोधा, तेही कंपनीने काढलेले नव्हे, घेणाऱ्यांनी काढलेले.

दुसरी गोष्ट, लाइट बटणाच्या कुठल्या बाजूला आहे. स्विचमध्ये एलईडीसाठी एकाच अंगाला खाच असते. ती मॉनिटरकडच्या बाजूला असेल तर बटणाचा वरचा अर्धा भाग उजळतो आणि तिथलं अक्षर ठळक दिसतं. खालच्या अर्ध्यात काही असेल तर ते मंद राहतं. म्हणून चांगल्या कीबोर्डवर आकडा आणि शिफ्टचं चिन्ह एकाखाली एक न ठेवता शेजारी-शेजारी, दोन्ही वरच्या अर्ध्यात घेतात. एलईडी आपल्या बाजूला असेल तर उलटं घडतं: बटणांच्या मधून आपल्या दिशेने भरपूर उजेड सांडतो, फोटोत फार देखणं दिसतं, पण वर छापलेलं अक्षर फिकं पडतं. ही रचना ज्यांना नंतर जाड, अपारदर्शक कीकॅप (बटणांच्या टोप्या) बसवायच्या आहेत त्यांच्या सोयीची. मॉनिटरकडच्या बाजूला एलईडी असलेल्या स्विचवर काही बुटक्या कीकॅप स्विचच्या घराला टेकतात, ती अडचण इथे येत नाही. अंधारात वाचायचं असेल तर मात्र पहिलीच रचना घ्या.

माझ्या कीबोर्डवर एक सोय आहे आणि तिच्यासाठी मी बाकी दोन-चार उणिवा आनंदाने सोडल्या. एफएन दाबून धरलं की बाकी सगळी बटणं विझतात आणि एफएनबरोबर ज्यांना काम आहे तेवढीच उजळतात. नाव दिसलं नाही तरी जागा दिसते, आणि जागा दिसली की हात आठवतो. ही सोय सॉफ्टवेअरमधून येते, त्यामुळे प्रत्येक बटणाचा लाइट वेगळा चालवता येत असेल तरच मिळते. तीन पट्ट्यांच्या बॅकलाइटमध्ये हे होणं शक्य नाही. तीन पट्ट्यांचा बॅकलाइट दिसला की आणखी एक शंका घ्या: आत मेकॅनिकल स्विचऐवजी बहुधा रबराचा पडदा आहे. खोक्यावर ‘मेकॅनिकल फील’ असं लिहिलेलं असतं, त्यातल्या ‘फील’कडे लक्ष द्या. मेकॅनिकल असता तर तो शब्द लिहावा लागला नसता.

रंग मी एकच ठेवला आहे, मंद नारिंगी-लाल. अंधाराला सरावलेले डोळे लाल उजेडाने कमी बिघडतात, आणि गडद दृश्यांच्या खेळात याचा खरोखर उपयोग होतो. निळा-पांढरा लाइट खालून डोळ्यांवर येत असेल तर पडद्यावरचा अंधारा कोपरा आणखी काळा वाटतो. धावत्या इंद्रधनुष्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नजरेच्या कडेला काहीही हलत असेल तर लक्ष तिकडे ओढलं जातं, आणि नेमबाजीच्या खेळात नजरेच्या कडेला हलणारी वस्तू म्हणजे शत्रू असायला हवी. उजेड कमी-जास्त करण्याच्या पायऱ्या किती आहेत तेही बघा. काही कीबोर्डवर सगळ्यात खालची पायरीसुद्धा अंधाऱ्या खोलीत डोळ्यांत खुपते. काहींवर ती पायरी इतकी कमी होते की नजर फिरवताना लाइट थरथरल्यासारखा दिसतो. मला मधली एक पायरी नीट सापडली आहे, तिच्यावर कीबोर्ड कायमचा आहे.

लाइट ज्यातून येतो ती अक्षरं कशी बनली आहेत, हा टिकाऊपणाचा प्रश्न. स्वस्त पद्धत अशी: पारदर्शक एबीएस प्लास्टिकचं बटण, त्यावर काळा रंग, आणि लेसरने अक्षरापुरता रंग खरवडलेला. नवं असताना झकास दिसतं. पण बोटांचा घाम आणि घासणं जिथे जास्त, म्हणजे ए, एस, डी आणि स्पेसचा डावा भाग, तिथला रंग झिजतो आणि अक्षराच्या कडा पसरत जाऊन शेवटी प्रकाशाचा नुसता डाग उरतो. दुसरी पद्धत डबल-शॉट: अक्षर एका प्लास्टिकचं, बटण दुसऱ्याचं, दोन्ही साच्यातच एकमेकांत बसवलेली. अक्षर झिजायला बटणच झिजावं लागेल. त्यातही पीबीटी प्लास्टिक असेल तर एबीएससारखी तेलकट चकाकी लवकर येत नाही. बोटाला त्याचा किंचित खरखरीत स्पर्श लागतो आणि मला तो फार आवडतो. घाम आलेलं बोट घसरत नाही. डबल-शॉट ओळखायचं तर एक बटण उपटून उलटं करून बघा, आतल्या बाजूला दोन रंगांचं प्लास्टिक स्पष्ट दिसतं.

स्विचवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि तो सत्कारणी लागला. साध्या मेकॅनिकल स्विचचं माप म्हणून चेरी एमएक्स रेड घ्या. बटण एकूण 4 मिलिमीटर खाली जातं, 2 मिलिमीटरवर ते ‘दाबलं’ म्हणून नोंदतं, आणि त्या जागी लागणारा जोर 45 सेंटिन्यूटन, म्हणजे साधारण 46 ग्रॅम वजनाइतका. टिक-टिक आवाज नाही, मधे अडथळा नाही, सरळ खाली. हा स्विच आजही खेळायला उत्तम आहे आणि बजेट आखडतं असेल तर तेवढ्यावर थांबायला हरकत नाही. त्याची मर्यादा दाबताना नाही, सोडताना दिसते. डावीकडे पळताना ए तळापर्यंत दाबलेलं असतं. थांबायचं तर ते सोडून क्षणभर डी दाबायचं, कारण काउंटर-स्ट्राइकमध्ये पळता पळता झाडलेली गोळी भलतीकडे जाते, पाय थांबले की मगच नेम लागतो. पण तळाला गेलेलं ए, बोट सुमारे 2 मिलिमीटर वर येईपर्यंत ‘दाबलेलंच’ धरलं जातं. तेवढा वेळ तुम्ही थांबायचं ठरवलेलं असतं आणि खेळ तुम्हाला पळवत असतो.

चुंबकीय स्विचमध्ये हे बदलतं. बटणाच्या दांड्याला छोटं चुंबक, खाली सेन्सर. बटण किती खोल गेलंय हे सेन्सरला सतत कळतं, त्यामुळे ‘दाबलं’ कुठे मानायचं हे तुम्ही ठरवता. ज्या परिणामावर हे चालतं तो एडविन हॉल यांनी 1879 साली शोधला, आणि हनीवेलने 1960 च्या दशकाच्या अखेरीस तसे कीबोर्ड बनवलेही होते. खेळाडूंमध्ये त्याची चलती अलीकडची. वूटिंग या डच कंपनीच्या कीबोर्डांनी ‘रॅपिड ट्रिगर’ घराघरात नेलं. बोट वर यायला लागलं, अगदी अंशभर, की बटण ‘सुटलं’. पुन्हा अंशभर खाली, की ‘दाबलं’. ए सोडताना लागणारा तो दोन मिलिमीटरचा उशीर गेला. मी माझे जुने सामने आणि नवे सामने मोजत बसलेले नाही, पण थांबण्याची जाणीव बोटाला पहिल्याच संध्याकाळी वेगळी लागली. पात्र जणू माझ्या बोटाला बांधलंय. या एका गोष्टीसाठी मी चुंबकीय स्विच कुणालाही सुचवेन, जर तो नेमबाजीचे खेळ मनापासून खेळत असेल तर. नुसते गोष्टीचे खेळ खेळणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही.

खोक्यावर 0.1 मिलिमीटर असा आकडा मोठ्या अक्षरांत असतो. तो आकडा लावून बघा आणि लगेच काढा. बोट नुसतं बटणावर टेकलं तरी पात्र चालायला लागतं. ए आणि डीसाठी मी 0.8 वर नोंद आणि 0.2 चा रॅपिड ट्रिगर ठेवला आहे. स्पेस जरा खोल, कारण अंगठा जड असतो. दिवसा याच कीबोर्डवर माझं अनुवादाचं काम चालतं, आणि तिथे वेगळं प्रोफाइल, म्हणजे साठवलेल्या सेटिंगचा वेगळा संच, लागतंच. देवनागरी टाइप करायच्या इनस्क्रिप्ट मांडणीत डब्ल्यू, ए, एस, डी या चार बटणांवर अनुक्रमे दोन मात्रा, काना-मात्रा, एक मात्रा आणि हलंताचा पाय आहे. खेळाचं प्रोफाइल चुकून चालू राहिलं तर शब्दांच्या शेपटाला नको तिथे पाय मोडलेले सापडतात. लिहिण्याचं प्रोफाइल मी 1.8 मिलिमीटरवर, रॅपिड ट्रिगर बंद करून ठेवलंय, आणि दोन्ही प्रोफाइलांचा लाइटचा रंग वेगळा केलाय. खाली नजर गेली की कुठलं चालू आहे ते कळतं. रंगांचा मला पटलेला उपयोग तो हा.

मराठीत लिहिणाऱ्यांनी आणखी एक बघावं. गेमिंग कीबोर्डवर विंडोजचं बटण बंद करायची सोय असते, खेळताना चुकून दाबलं जाऊ नये म्हणून. ती चालू असेल तर विंडोज आणि स्पेस दाबून भाषा बदलत नाही, आणि माणूस कीबोर्ड बिघडला समजून हैराण होतो. चांगल्या कीबोर्डवर ही सोय चालू असताना ते बटण लाल होतं किंवा विझतं.

रेझर या कंपनीने 2024 मध्ये ‘स्नॅप टॅप’ आणलं. ए आणि डी दोन्ही दाबलेली असली तर शेवटी दाबलेलं खरं धरायचं, म्हणजे पहिलं बटण सोडायचीही गरज नाही. इतर कंपन्यांनीही वेगवेगळ्या नावांनी तेच दिलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये खेळाची निर्माती कंपनी व्हॉल्व्हने काउंटर-स्ट्राइक 2 च्या अधिकृत सर्व्हरवर अशा आपोआप चालणाऱ्या युक्त्यांना बंदी केली, आणि वापरताना आढळलं तर सामन्यातून बाहेर काढतात. रॅपिड ट्रिगरवर बंदी नाही, कारण तिथे सोडणं आणि दाबणं अजूनही तुमच्या बोटाचंच असतं. मला हा फरक न्याय्य वाटतो. बोट किती चपळ आहे ते कीबोर्डने नीट कळवावं, बोटाऐवजी स्वतः खेळू नये. नवा कीबोर्ड जोडलात की सॉफ्टवेअरमध्ये जाऊन ही सोय बंद आहे ना, एवढं आधी बघा.

पोलिंग रेटवर फार जीव टाकू नका. 1000 हर्ट्झ म्हणजे कीबोर्ड दर मिलिसेकंदाला संगणकाला खबर देतो. 8000 म्हणजे 0.125 मिलिसेकंदाला. 144 हर्ट्झच्या मॉनिटरवर एक चित्र जवळपास 7 मिलिसेकंद टिकतं, 60 हर्ट्झवर जवळपास 17. साधा मॉनिटर असताना 8000 हर्ट्झच्या कीबोर्डला पैसे घालण्यापेक्षा ते मॉनिटरसाठी साठवा. वायरलेसचंही तसंच. ब्लूटूथ लिहायला ठीक, खेळायला डोंगल (संगणकाला लावायचा छोटा वायरलेस रिसीव्हर) किंवा तार. आणि वायरलेसमध्ये बॅटरी खातो तो रेडिओ नव्हे, लाइट. बॅटरी महिनोन् महिने चालते असं जिथे लिहिलंय तिथे बहुधा लाइट बंद धरलेला असतो. बॅकलाइट हवाच म्हणणाऱ्याने तार घ्यावी, हे माझं स्वच्छ मत. तार काढता येणारी, यूएसबी-सी असावी, आणि खोबण फार खोल-अरुंद नसावी. माझ्या कीबोर्डची खोबण इतकी चिंचोळी आहे की त्याच्याबरोबर आलेल्या तारेशिवाय दुसरी कुठलीच आत जात नाही. ती तार तुटली की पंचाईत आहे.

आवाज. बहीण झोपलेली असते म्हटलं, तेव्हा हा माझ्यासाठी किरकोळ मुद्दा नाही. क्लिक आवाजाचे, सहसा निळे म्हणून ओळखले जाणारे स्विच रात्री वापरायचे नाहीत, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण खरा आवाज करतं ते स्पेस. लांब बटणांच्या दोन टोकांना आधार द्यायला तारेचे स्टॅबिलायझर असतात. ते कोरडे आणि सैल असले की प्रत्येक उडीला खडखडतात. तपासायचं असेल तर स्पेस मध्यावर न दाबता डाव्या टोकाला, मग उजव्या टोकाला दाबा. एंटर आणि बॅकस्पेसही तसंच. तीन ठिकाणी तीन आवाज आले तर समजा की वंगण नाही. माझ्यात आत फोमचे थर आहेत आणि स्टॅबिलायझरला वंगण कारखान्यातूनच होतं, त्यामुळे आवाज दबका, खालच्या पट्टीतला येतो. बहिणीने एकदाही तक्रार केलेली नाही, आणि ती तक्रार करायला लाजणारी नाही.

आता या कीबोर्डची दुखणी, कारण ती आहेत. उजव्या कोपऱ्यात अ‍ॅरो बसवण्यासाठी उजवं शिफ्ट आखूड केलंय आणि कंट्रोल, एफएन एकेका बटणाएवढी झालीत. सरावाने जमतं, पण सुरुवातीला शिफ्टऐवजी वरचा अ‍ॅरो दाबला जाऊन कर्सर वरच्या ओळीत उडतो. एंडसाठी स्वतंत्र बटण नाही, आणि अनुवादाच्या कामात मला ते दिवसभर लागतं. मी पेज अपच्या जागी एंड बसवून टाकलंय. प्रिंट स्क्रीनही नाही, पण विंडोज, शिफ्ट, एस दाबून काम भागतं. नव्या कीकॅप घेताना ही आखूड बटणं संचात आहेत का ते बघावं लागतं, आणि अक्षरातून प्रकाश येणाऱ्या असतील तरच घ्यायच्या, नाहीतर बॅकलाइट फक्त फटींतून दिसतो. बहुतेक चुंबकीय कीबोर्डमध्ये साधे मेकॅनिकल स्विच बसवून चालत नाहीत, उलटही नाही. पुढे स्विच बदलायची हौस असेल तर हे आधीच ठरवा. आणि सॉफ्टवेअर लाइटची साधी नक्षी बदलायलाही खातं उघडायला सांगतं, हे मला मुळीच पटलेलं नाही. प्रोफाइलं कीबोर्डच्या मेमरीत साठवून मी ते संगणकावरून काढून टाकलं. ब्राउझरमधून मांडणी बदलू देणारे कीबोर्ड मिळतात, पुढच्या वेळी मी तेवढ्यासाठीही जास्त पैसे देईन.

उंची बघा, तिच्याकडे कुणी बघत नाही. असे कीबोर्ड चपटे नसतात, पुढची कड दोनेक सेंटिमीटर उंच येते. मागचे पाय उघडले की मनगट वर मोडतं. मी पाय मिटूनच ठेवते आणि कीबोर्ड थोडा तिरका, उजवं टोक माझ्याकडे ओढून ठेवते. डावा हात तसा सरळ रेषेत येतो. 75 टक्केवाला असा तिरका ठेवला तर त्याचा वरचा उजवा कोपरा माउसपॅडच्या दिशेने किंचित सरकतो, 60 टक्केवाल्यात तेवढं होत नाही. अगदी अरुंद टेबल असेल आणि कीबोर्ड खूप तिरका ठेवून फक्त नेमबाजीच खेळायची असेल, तर 60 घेण्याचं हे एक खरं कारण मला मान्य आहे.

सिम्युलेटरमध्ये विमानं उडवणाऱ्यांना, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांना आणि दिवसभर आकडे भरणाऱ्यांना नमपॅड लागतोच. त्यांनीही लगेच मोठ्या कीबोर्डकडे वळू नये. सुटा यूएसबी नमपॅड मिळतो. तो कीबोर्डच्या डावीकडे ठेवा, उजवीकडची जागा माउसची राहू द्या, आणि खेळायला बसताना उचलून बाजूला ठेवा.